तिसऱ्या मजल्यावरचा परदेश

ते? ते काही नाही हो, कागद आहे — टाका त्या बादलीत. उलगडू नका, ओला आहे, फाटेल — उलगडलात ना? बरं. आता बघितलाच आहे तर सांगते, नाहीतर खाली जाऊन भलतंच काहीतरी सांगाल. हॉटेलचं लेबल आहे ते. परदेशी जाऊन आलेले लोक बॅगेवर चिकटवून मिरवतात ना, तसलं. आमच्या यांनी काढलंय, रंगीत पेन्सिलींनी. ती मांजर नाही, बर्फाचा डोंगर आहे — ते कान नाहीत, शिखरं आहेत. तुमच्या त्या पाइपातून अजून आठ निघतील. नऊ काढली होती, नऊही बॅगेवर चिकटवली, आणि मग मी चष्मा लावून बघितलं तर नऊ देशांतली नऊ हॉटेलं एकाच हातची दिसत होती. म्हटलं, काढा. हे म्हणाले, खळ वाळलीय, आता निघत नाहीत. म्हटलं, कशी निघत नाहीत तेच बघते — आणि बॅग ह्या सिंकमध्ये उभी करून तारेच्या घासणीनं घासत बसले. निघाली की! गेली कुठं ते तेव्हा बघितलं नाही, ते तुम्ही आज दाखवलंत.

पंखा लावू का? लावते. माझ्याकडे असं बघू नका, स्वेटर मुद्दाम घातलाय. बाहेर ऊन नुसतं मी म्हणतंय ते मलाही कळतं, पण आज आम्ही बर्फात आहोत. यांचा नियमच आहे, ज्या देशात असू तिथला पोशाख. ते आत मफलर गुंडाळून पडलेत — दुपारची डुलकी. तर हळू बोला. म्हणजे तुम्ही बोलतच नाही म्हणा, मीच हळू बोलते. आणि एक सांगू का भाऊ, तुमचं मला कौतुक वाटलं. किल्ली लावून आत आलात, समोर मी स्वेटर घालून उभी, पण तुम्ही दचकला नाहीत. दुसरा असता तर पाना टाकून पळाला असता. एरवी कुलपाचा आवाज आला की आम्ही दोघं न्हाणीघरात जाऊन उभे राहतो, पण ते शनिवारी. आज बुधवार, आम्ही बेसावध. ह्या घरातली माणसं परदेशी गेलीत असंच सांगितलं असणार ना वन्संनी तुम्हाला? हां. मग खाली जाऊन तुम्ही एवढंच सांगायचं — घर बंद होतं, पाइप तुंबला होता म्हणून तुमच्या छताला ओल आली, आता मोकळा केला. बस. बंद घरात पाइप कशानं तुंबला विचारलं तर सांगा, उंदीर. त्या विचारणार. त्या सगळं विचारतात.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बरोबर आमच्या खाली राहतात. मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या — होत्या म्हणजे, अजून आहेतच, फक्त पगार बंद झालाय. त्यांची पावलं जिन्यात वाजली की पोरं हात मागं लपवतात, नखं बघतील म्हणून. यांची आई लवकर गेली. हे सात वर्षांचे, वन्सं एकोणीसच्या. त्यांनीच यांना वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. मला पसंत केलं तेही त्यांनीच, आधी जीभ बाहेर काढून दाखवायला लावली आणि मग नाव विचारलं. स्वतःचं म्हणून काही केलं नाही त्यांनी. लग्न नाही, कुठं जाणं नाही, येणं नाही. आणि त्याचा एका शब्दानं कधी उच्चार नाही — तेच जड जातं हो. केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

आमचे हे कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर. तीस वर्षं जगातली माणसं आत आली, बाहेर गेली, हे तिथल्या तिथं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला म्हणाले, रिटायर झालो की तुला जग दाखवतो. मी लक्षात ठेवलं. झाले रिटायर, तर मी आठवण केली — आठवण म्हणजे, एक आठवडा रोज एकच भाजी केली. आठव्या दिवशी तिकिटं आली. नऊ देश, एक महिना. सगळ्या इमारतीला सांगून झालं. निघायच्या आदल्या दिवशी लोक भेटायला आलेले, आणि वन्सं ह्याच ओट्याला टेकून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हा कुठं जातोय? विमानतळावरून परत येईल. लहानपणी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर रडायचा." सगळे हसले. हे पण हसले, पण यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्या फक्त मी बघितल्या.

मग काय झालं? काय होणार, विमानतळावरून परत आलो. अहो, आतपर्यंत गेलो होतो. तिथं ती मोठी काच आहे, काचेतून विमान दिसतं. हे बाकावर बसले ते बसले. म्हणाले, एवढं मोठं धूड वर कसं राहतं? म्हटलं, राहतं, रोज राहतं. तर म्हणतात कसे — रोज राहतं म्हणून आज राहील कशावरून? तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस, त्याला ठाऊक, रोज येणारासुद्धा एखाद्या दिवशी येत नाही. मग आमची नावं पुकारली. तीनदा. शेजारची बाई म्हणाली, कुणाला तरी बोलवताहेत वाटतं. म्हटलं, हो ना, कुठली बेजबाबदार माणसं असतात एकेक.

राग? राग विचारू नका. चार तास त्या बाकावर एक शब्द बोलले नाही मी. पस्तीस वर्षं वाट बघितलेली, नवी चप्पल पायात, आणि समोरून माझं विमान गेलं. मग हे खाली मान घालून म्हणाले, "ताईला कळलं तर मी पुन्हा तिच्यासमोर उभा राहू शकणार नाही." डोळ्यांत पाणी. तेव्हा माझा राग — गेला नाही, पण थोडा बाजूला सरकून बसला. टाकून जाण्यासारखा माणूस नाही तो, आणि टाकून जाणार तरी कुठं, विमान तर सुटलेलं. दिवेलागणीला मागच्या जिन्यानं वर आलो, चपला हातात, बॅगा डोक्यावर. तेव्हापासून इथं. आज अठ्ठाविसावा दिवस. परवा परत यायचंय आम्हाला. पहाटे मागच्या जिन्यानं उतरायचं आणि दहा वाजता टॅक्सीतून पुढच्या दारी यायचं, दमल्यासारखं. वन्सं दारात उभ्या असतील, विचारतील, हे सांगतील. तेवढं एकदा निभावलं की झालं. दुसरं काही मागत नाही मी.

नाही, डाव्या हाताला वळवा, तो तसा निघत नाही — तुम्हालाच कळतं म्हणा. तर पुस्तकं. आमच्या वाचनालयाची एक रीत आहे. उन्हाळ्यात महिनाभर बंद ठेवून भिंती रंगवतात, आणि तेवढ्यात पुस्तकं ठेवायची कुठं, म्हणून प्रत्येक सभासदाच्या गळ्यात बारा-बारा मारतात. न्या आणि सांभाळा. बाकीचे लोक जाडी बघून उचलतात, खिडकीला टेकण लावायला. यांनी आमच्या वाटेवरच्या देशांची प्रवासवर्णनं निवडून आणली होती, घोकून जाणार होते. ती बारा तशीच पडलेली इथं. पहिले तीन दिवस मी बोललेच नाही यांच्याशी. चौथ्या दिवशी दुपारी तीनला हे आपले इथं खिडकीशी खुर्ची घेऊन बसले आणि पहिलं पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले. मला नाही हं, भिंतीला. पुढच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वारा काय तो ह्या मागच्याच खिडकीतून येतो, म्हणून इथं. मी भांडी आपटत होते. दहा मिनिटांनी आपटायची थांबले. अर्ध्या तासानं म्हटलं, ते मागचं पान परत वाचा, तळ्यावर बोट निघते ते, भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मग लागलीच घडी बसली. टाइमकीपर ना ते, वेळापत्रक करून दाराला लावलं. नाश्ता सात, प्रस्थान आठ. प्रस्थान म्हणजे खरंच प्रस्थान — देश संपला की बॅगा भरायच्या, खोली झाडून सोडायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन उघडायच्या. आमच्या खोल्या दोन, देश नऊ, त्यामुळं पुष्कळदा जुन्याच खोलीत नव्यानं उतरावं लागलं. एकदा हे मला म्हणाले, मागच्या वेळेपेक्षा सोय बरी आहे. मी म्हटलं, मागच्या वेळी इथं राहणारी बाई चिडलेली होती. — हसलात? हसा. हेही हसले. अहो, पस्तीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याशी जेवढं बोलणं केलं नसेल तेवढं ह्या एका महिन्यात केलं. तुम्हाला काय सांगायचं हे, पण आता तोंडातून गेलंच.

वन्संना फोन करायचा मीच, दर तीन दिवसांनी. यांना खोटं बोलता येत नाही, लगेच खोकला येतो. त्यांचा जुना फोन, भिंतीवरचा, त्यात कुठून आला कुणाचा आला काही दिसत नाही, तेवढं बरं. मी न्हाणीघरात, डोक्यावरून दोन गोधड्या. एकदा म्हणाल्या, आवाज अगदी जवळून आल्यासारखा येतोय. म्हटलं, हल्ली फोन फार सुधारलेत. पण घोटाळा असा झाला की ती पुस्तकं साठ-साठ वर्षांपूर्वीची, आणि हे मी बघितलंच नाही. मी आपली सांगतेय — काल स्टेशनवर घोडागाडीनं गेलो, कोळशाच्या इंजिनानं यांच्या शर्टाला भोक पाडलं, जहाजावर कप्तानानं आम्हाला स्वतःच्या टेबलावर जेवायला बोलावलं, जेवताना बँड होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कप्तानाला माझा नमस्कार सांग. मनात म्हटलं, सुटले. वय झालंय त्यांचं, नाहीतर असं सोडणारी बाई नाही ती.

नाही हो, खरंच वय झालंय. विसरतात. आता बघा, किल्ली त्यांच्याकडे, दर शनिवारी येतात घर बघायला. आम्ही न्हाणीघरात, हे बादलीवर बसतात, मी उभी. तर येताना पिशवी भरून भाजी, केळी, अंडी घेऊन येतात, इथं ओट्यावर ठेवतात, घटकाभर बसतात, आणि पिशवी इथंच विसरून जातात! दर शनिवारी! आम्हाला फार उपयोग झाला, धान्य होतं घरात पण हिरवं काही नव्हतं. पुढच्या शनिवारी म्हणावं ना, मागची पिशवी कुठं गेली? नाही. आठवतच नाही त्यांना. मागल्या खेपेला तर यांची पित्ताची गोळी विसरल्या, अख्खी पट्टी. आणि एकट्याच बोलतात. यांच्या फोटोसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "गेलास ते बरं केलंस. मी तसं बोलायला नको होतं." एवढंच. दार लावून गेल्या. हे बादलीवर बसून रडले — आवाज न करता, नळ धरून. मी म्हटलं, जा की बाहेर, भेटा, सांगून टाका. म्हणाले, आत्ताच तर तिनं गेलास ते बरं केलंस म्हटलं, मी कुठं गेलोय?

तर असं आहे सगळं. म्हणून म्हणते, उंदीर सांगा.

लेबलं झाली सगळी? सातच? असतील अजून दोन, शोधा. वाळवंटाचं एक निघालं नाही अजून, त्याच्यावर उंट आहे — म्हणजे उंट समजून घ्यायचा. त्या वाळवंटाची तर वेगळीच कथा. सहावं पुस्तक. लिहिणारा भला माणूस, बायकोला घेऊन वाळवंटात शिरला, वाटाड्या पळाला, पाण्याच्या पखालीला भोक पडलं, आणि पुढचं पान उलटतो तर वाळवी. शेवटची चाळीस पानं वाळवीनं खाल्लेली. आता हे असे नेमाचे, म्हणाले, ते दोघं बाहेर पडले नाहीत तर आपण कसे पडणार? पुढचं पुस्तक उघडायला तयार नाहीत. तीन दिवस बसले होते, बॅगा बांधलेल्या, पाणीसुद्धा मोजून पितायत. वाचन बंद, बोलणं बंद, घर कसं सुतक असल्यासारखं. चौथ्या दिवशी तीन वाजले तसं मी ते पुस्तक हातात घेतलं, उघडलं, आणि वाळवीची भोकं बघत जणू वाचतेय असं सांगायला लागले. काय सांगितलं? ती बायको होती ना त्याची, तिनं म्हटलं, तुम्ही गेले तीन दिवस पुढं चालताय, आता माझ्या मागून चाला. आणि ती वाऱ्याकडे पाठ करून चालली, आणि रात्री गारवा जिकडून आला तिकडं गेली, आणि मध्येच त्याचे पाय गळाले तेव्हा त्याला शिव्या घातल्या, आणि पुढं नेलं. पाणी सापडेपर्यंत दीड तास बोलत होते मी. मला माहीत नव्हतं माझ्यात एवढं आहे. हे ऐकत होते, हनुवटीला हात लावून. संपल्यावर म्हणाले, "हे तुझं आहे. पुस्तकातला तो बायकोचं असं कधी ऐकणारा नव्हता." म्हटलं, आता ऐकायला लागला.

काय म्हणता — वाहतंय? अरे वा. वाहतंय की खळखळा. मग पाइप धरून ठेवायला ती पट्टी काय ठोकायची म्हणत होतात ती ठोकून टाका. नको? उद्या सकाळी येता? अहो, दोन ठोक्यांचं काम, त्याला उद्या कशाला? हे उठतील म्हणून थांबू नका, पाच मिनिटांनी उठायचंच आहे त्यांना, तीन वाजत आले. काय? कुणी सांगितलंय? वन्संनी? तीनच्या आत उरका, तीननंतर वर ठोकाठोक करायची नाही — असं? का बरं, झोपतात का त्या?

झोपत नाहीत. मग?

हं.

कुठल्या खिडकीशी? — ह्या खिडकीच्या खालची ती, त्यांच्या स्वयंपाकघराची. खुर्ची टाकून. रोज? आणि कधीपासून म्हणाल्या?

थांबा. थांबा जरा, मला बसू दे. पहिल्या पुस्तकापासून म्हणजे — म्हणजे मी भांडी आपटत होते तेव्हापासून. आणि तुम्हाला सांगितलं, किल्ली लावून जा, बेल वाजवली की ते घाबरतील — असं? आणि तुम्ही सिंकखाली पडून हे सगळं ऐकून घेतलंत माझ्याकडून? नाही, तुमचं काय चुकलं, मीच कुठं बोलायला जागा ठेवली. आणि त्या पिशव्या — अगं बाई. मी त्यांना विसरभोळ्या म्हणाले. एवढ्यात तीनदा म्हणाले.

अजून काय म्हणाल्या? नाही, आता सगळं सांगा. ... कुठंच जायला मिळालं नाही कधी, असं म्हणाल्या? तुम्हाला? पाइपवाल्याला? पस्तीस वर्षांत मला नाही म्हणाल्या कधी. ... हो. ... वाळवंटात तीन दिवस अडकले तेव्हा जेवण गेलं नाही. ... बरं. ... आणि मग "माझ्या भावजयीनं बाहेर काढलं." असंच म्हणाल्या? भावजयीनं? पुस्तकानं नाही?

काही नाही, स्वेटर टोचतोय डोळ्याला. स्वेटरचा केस गेला असेल.

यांना? नाही, यांना नाही सांगायचं. कधीच नाही. परवा आम्ही टॅक्सीतून उतरणार, त्या दारात उभ्या असणार, काय काय बघितलंस म्हणून विचारणार, आणि हे सांगणार — न खोकता सांगतील, मी तयारी करून घेतलीय — आणि त्या पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकणार. त्यांनी महिनाभर ओंजळीत धरून ठेवलंय ते मी एका दुपारी कशाला सांडू?

अहो! उठा, तीन वाजले. मफलर राहू दे, या इकडे. हे? हे नळवाले, यांनी काही बघितलेलं नाही. बसा. असे नाही, खुर्ची पुढं घ्या, अजून पुढं, कठड्याला लावून. खिडकी उघडा, दोन्ही दारं. उघडा म्हणते ना, कोण बघतंय इथं मागं? आणि आज जरा मोठ्यानं वाचा. माझे कान हल्ली जड झालेत म्हणून. सावकाश वाचा, शब्द गिळू नका, आणि डोंगराची जागा आली की दोनदा वाचा.

भाऊ, तुम्ही अजून इथंच? उचला ती पिशवी. पावलं न वाजवता उतरा, आणि दार ओढून घ्या. चला, निघा.